दाहाची खूण : हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक प्रकरण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे नाव या परिसरातील दोन-तीन पिढ्यांच्या मनात आहे. त्यांच्या गौरवाचे शब्द मी नव्याने उच्चारण्यापेक्षा त्यांना आवडले असते अशा एखाद्या विषयाचा शोध घ्यावा, असे मला वाटले. मराठीच्या प्राध्यापकाने हृदयाच्या शस्त्रक्रियेवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी वैद्य नाही आणि आज कोणाला वैद्यकीय सल्लाही देणार नाही. माझा विषय आहे एका खुणेचा इतिहास.

आज आपल्या भागात असे घर विरळा, की ज्या घरातील किंवा भावकीतील कोणाची तरी ‘बायपास’ झालेली नाही. शस्त्रक्रियेच्या आधी रक्त तपासले जाते. तपासणीचा कागद हातात येतो आणि त्यावर ई.एस.आर., सी.आर.पी. अशी अक्षरे व त्यांपुढे आकडे असतात. एखाद्या आकड्यापुढे बाण किंवा फुली असली, की घरातली माणसे तो कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहतात. या आकड्यावर आपल्या माणसाचे जगणे-वाचणे अवलंबून आहे काय, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असतो. प्रश्न खरा आहे आणि त्याला इतिहास आहे. तो इतिहास सुश्रुतापासून निघतो, मुंबईच्या परळमधून जातो आणि आजच्या प्रयोगांपर्यंत येऊन पोचतो. त्यातून जे हाती लागते ते आरंभीच सांगून ठेवतो. रक्तातील ही खूण पुष्कळ काही सांगते. परंतु खूण पुसली म्हणजे रोग गेला असे होत नाही.

१. शब्दांत साठवलेले ज्ञान

ज्याला आधुनिक वैद्यक शोथ किंवा दाह म्हणते, त्याची ओळख आपल्या भाषेला फार जुनी आहे. सूज, ठणका, ठुसठुस, आग होणे, अंग फणफणणे, जखम चिडणे असे किती तरी शब्द आपल्या बोलीत आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. गळू ‘पिकते’ असे आपण म्हणतो. फळासाठी वापरायचे क्रियापद आपण गळवाला लावतो आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. पिकण्याआधी त्याला हात लावू नये, पोटीस बांधून वाट पाहावी, हे घरोघरच्या आजीला ठाऊक होते.

या ‘पिकण्या’मागे मोठी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतरावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. सुजेच्या तीन अवस्था तेथे सांगितल्या आहेत : आम, पच्यमान आणि पक्व, म्हणजे कच्ची, पिकू लागलेली आणि पिकलेली. प्रत्येक अवस्थेत स्पर्श कसा लागतो, रंग कसा बदलतो, वेदनेचे स्वरूप काय असते, याचे बारकाईने वर्णन आहे. कच्च्या सुजेवर अज्ञानाने शस्त्र चालवणारा आणि पिकलेल्या सुजेकडे दुर्लक्ष करणारा, असे दोघेही वैद्य सुश्रुताने सारखेच निंद्य ठरवले आहेत. शस्त्राचे कौशल्य जितके महत्त्वाचे, तितकीच शस्त्राची वेळही महत्त्वाची, असा याचा अर्थ. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

पश्चिमेकडे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पुढे त्यांत पाचवे लक्षण मिळवले गेले, ते म्हणजे त्या अवयवाचे काम बंद पडणे. ही पाचही लक्षणे डोळ्यांना दिसणारी किंवा हातांना जाणवणारी आहेत. बोटाला गळू झाले तर ती दिसतील. पण दाह छातीच्या पिंजऱ्याआड एखाद्या रोहिणीच्या भिंतीत चालू असेल तर? तेथे डोळा पोचत नाही, हातही पोचत नाही. अशा दडलेल्या आगीचा धूर कोठे दिसतो काय, याचा शोध शेवटी रक्तापाशी येऊन थांबला.

२. काचेच्या नळीतील एक तास

रक्त काढून ते गोठू न देता उभ्या नळीत ठेवले, तर लाल पेशी हळूहळू तळाशी बसू लागतात आणि वर पिवळसर द्रव उरतो. आजारी माणसाच्या रक्तात त्या लवकर बसतात, हे पोलंडमधील डॉक्टर एडमंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ साली दाखवले. १९१८ मध्ये स्वीडनचे रॉबिन फोरेउस यांना गरोदर स्त्रियांच्या रक्तात तीच गोष्ट आढळली. १९२१ मध्ये त्यांचेच देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन यांनी क्षयरोग्यांचा अभ्यास करताना या चाचणीची रीत घालून दिली. नळी उभी करायची, घड्याळ लावायचे आणि तासाभरात लाल थर किती मिलिमीटर खाली आला ते वाचायचे. हाच आपला ई.एस.आर.

याचे कारणही सोपे आहे. दाह चालू असला की रक्तातील फायब्रिनोजेनसारखी काही प्रथिने वाढतात. त्यांच्यामुळे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि चळत जड म्हणून लवकर बुडते. फोरेउस यांनी आणखी एक मार्मिक विचार मांडला होता. प्राचीन ग्रीकांची चार रसांची कल्पना कदाचित भांड्यात साकळलेल्या रक्ताचे वेगवेगळे थर पाहूनच सुचली असावी, असे त्यांचे मत होते. म्हणजे नळीतील ज्या थरांवरून जुने वैद्यक आपला सिद्धान्त रचत होते, त्याच थरांकडे विसाव्या शतकाने मोजपट्टी घेऊन पाहिले.

ही चाचणी स्वस्त होती. तिला वीज लागत नव्हती, महागडे यंत्र लागत नव्हते. त्यामुळे ती तालुक्याच्या दवाखान्यांपर्यंत पोचली. पण तिच्यात एक उणीव होती. रक्त कमी असले, वय वाढले किंवा गरोदरपण असले तरीही ती वाढते, आणि आजार ओसरल्यावर खाली यायला तिला फार दिवस लागतात.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करीत होते. जंतूंपासून वेगळ्या केलेल्या एका अंशाला त्यांनी ‘सी’ असे नाव दिले होते. तीव्र न्यूमोनिया झालेल्या रोग्याच्या रक्तद्रवात हा अंश मिसळला की साका तयार होई. पण रोगी बरा होऊ लागला की त्याच्या रक्तातील हा गुण नाहीसा होई. रोगप्रतिबंधक द्रव्ये साधारणतः बरे होताना वाढतात. येथे उलटेच घडत होते. रक्तात असलेल्या या प्रथिनाला पुढे ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ म्हणजेच सी.आर.पी. हे नाव मिळाले. ते यकृतात तयार होते. शरीराला कोठेही इजा झाली की काही तासांत ते वाढू लागते आणि तीव्र आजारात हजारपटीपर्यंतही जाते. इजा थांबली की सुमारे एकोणीस तासांत ते निम्मे होते. वाढणे जलद, उतरणेही जलद. म्हणून आजचा दाह आजच कळण्याची सोय त्यात आहे.

हृदयाशी या दोन्ही चाचण्यांचा पहिला दृढ संबंध जडला तो संधिज्वरामुळे. लहान मुलांचे सांधे सुजतात, ताप येतो, सांधे बरेही होतात. पण आतून हृदयाच्या झडपा कायमच्या आखडतात. दाटीच्या घरांत वाढणाऱ्या गरीब मुलांचा हा रोग. डॉ. डकेट जोन्स यांनी १९४४ साली त्याच्या निदानाचे निकष ठरवले. त्यांत ई.एस.आर.ला स्थान मिळाले आणि पुढील सुधारित निकषांत सी.आर.पी.लाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या रोग्यांना त्या काळी मिरजेचे मिशन हॉस्पिटल किंवा मुंबई हाच मोठा आधार होता. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या मिरजेच्या रुग्णालयाची वाट आपल्याकडील कित्येक कुटुंबांच्या पायाखालची होती. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९६३ मध्ये.

३. परळमधील एक पथक

आता मुंबईकडे वळू. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रियेची शाळाच उभी केली. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी तेथे हृदयाचे प्रत्यारोपण केले. केपटाउनमध्ये बर्नार्ड यांनी पहिले प्रत्यारोपण केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रोगी काही तासच जगला. लोकांच्या स्मरणात सेन यांचे नाव त्या घटनेने राहिले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची दुसरी दोन कामे अधिक मोलाची आहेत.

पहिले काम १९६५ सालचे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्‌रोहिणी अरुंद झाल्या तर काय करावे, हा प्रश्न तेव्हा जगभर शल्यवैद्यांना छळत होता. सेन, तेहेमतन उदवाडिया, एस. जी. किनरे आणि जी. बी. परुळकर यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाकडे पाहिले. त्यांच्या हृदयाच्या भिंतीला पोकळीतील रक्त थेट मिळते. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीतही सुईने बारीक छिद्रे पाडून तशी वाट करता येईल काय? या विचारातून त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि या पद्धतीला त्यांनी ‘ॲक्युपंक्चर’ हेच नाव दिले. पुढे सुईच्या जागी लेझर किरण आले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्या उपचाराला मान्यता मिळाली. गंमत अशी, की पाडलेली छिद्रे बहुधा बुजून जातात असे पुढे दिसून आले. रोग्याला आराम पडत असेल तर तो छिद्रांमुळे नसून, छिद्राच्या जखमेभोवती दाह होऊन तेथे नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात म्हणून असावा, असा एक पक्ष पुढे आला. दाह म्हणजे केवळ नाश नव्हे, डागडुजीची पहिली हालचालही तोच असतो, हे येथे ध्यानात येते.

दुसरे काम त्याहून जवळचे. तरुण वयात, विशेषतः मुलींमध्ये, मनगटाची नाडी लागेनाशी होते किंवा रक्तदाब विलक्षण वाढतो. महारोहिणीच्या भिंतीला दाह होऊन ती व तिच्या फांद्या अरुंद होतात. जपानी नेत्रवैद्य ताकायासू यांनी १९०८ मध्ये डोळ्यांतील बदलांवरून या रोगाचे वर्णन केले होते. आपल्याकडे पोटातील महारोहिणी आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रोहिणी अधिक धरल्या जातात. सेन, किनरे, परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये यावर लेख प्रसिद्ध केला आणि १९७३ मध्ये १०१ रोग्यांच्या अभ्यासावर आधारलेला स्वतंत्र ग्रंथ काढला. शल्यवैद्य जे कापून बाहेर काढी, ते विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत किनरे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. शस्त्र आणि सूक्ष्मदर्शक यांची ही जोडी परळच्या त्या पथकाचे खरे बळ होते.

या रोगात सुश्रुताचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. रोहिणी बंद झाली आहे, रक्ताला दुसरी वाट काढून द्यायची आहे. पण भिंतीतील आग अजून धुमसत असेल तर टाके कशात घालायचे? दाह शांत झाल्यावर शस्त्रक्रिया करावी हा नियम जगभरच्या अनुभवातून रूढ झाला. २०१२ साली फ्रान्समधील रोग्यांच्या अभ्यासातही, रक्तात दाहाच्या खुणा असताना केलेल्या शस्त्रक्रियांनंतर उपद्रव कितीतरी अधिक झाल्याचे दिसले. खुणेचा हा उत्तम उपयोग. परंतु खूण फसवतेही. १९९४ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ६० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरवर शांत वाटणाऱ्या रोग्यांच्या शस्त्रक्रियेत मिळालेले रोहिणीचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांतील ४४ टक्क्यांत दाह चालूच होता. राख थंड दिसावी आणि आत निखारा असावा, तसे हे झाले.

४. यंत्राला शिवलेले रक्त

आता आपण ज्याला बायपास म्हणतो त्या शस्त्रक्रियेकडे येऊ. हृदय थांबवून त्यावर काम करायचे, तर तेवढा वेळ रक्त फिरवणारे आणि त्यात प्राणवायू मिसळणारे यंत्र हवे. अमेरिकेतील जॉन गिबन यांनी अशा हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने मे १९५३ मध्ये पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९६७ मध्ये क्लीव्हलँड येथे अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी पायातील नीला काढून ती अडलेल्या हृद्‌रोहिणीला पर्यायी वाट म्हणून जोडण्याची पद्धत रुजवली. भारतात पहिली बायपास १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईतील पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात केली. त्यानंतरच्या अर्धशतकात ही शस्त्रक्रिया महानगरांतून जिल्ह्याच्या गावी आली. आज तिच्यासाठी बेळगाव सोडण्याची गरज उरलेली नाही.

पण यंत्रासोबत एक नवा प्रश्न आला. शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही काही रोगी नंतर अकारण खालावत. ताप येई, अंगावर सूज येई, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे थकत. जंतू तर कोठेच सापडत नसत. रक्त आयुष्यभर फक्त रक्तवाहिन्यांच्या मऊ अस्तराला शिवलेले असते. येथे ते तासन्‌तास परक्या नळ्यांतून फिरते. जॉन कर्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की या परक्या स्पर्शाने रक्तातील ‘पूरक’ नावाची संरक्षक प्रथिने जागी होतात आणि ती जितकी अधिक जागी होतात तितका अवयवांना त्रास अधिक. शरीराला यंत्र शत्रू वाटते आणि ते लढाई पुकारते. बायपासनंतर प्रत्येक रोग्याचा सी.आर.पी. चढतो, तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जातो आणि मग उतरतो. हे चढणे स्वाभाविक आहे. उतरू लागलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर मात्र कोठे जंतुसंसर्ग झाला काय हे डॉक्टर शोधतात.

५. आकडा आणि आयुष्य

तोपर्यंत आणखी एक मोठी समजूत बदलत होती. रोहिणी तुंबते म्हणजे नळाच्या आत गाळ साठतो तसे, असे सर्वसाधारण चित्र होते. वस्तुतः जर्मनीतील रूडोल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच रोहिणीच्या भिंतीतील या विकाराचे मूळ दाहात असल्याचे म्हटले होते. त्यांचे म्हणणे दीर्घकाळ मागे पडले. १९९७ साली पॉल रिडकर यांनी अमेरिकेतील डॉक्टरांच्या साठवून ठेवलेल्या रक्ताचे नमुने तपासले. वरवर निरोगी असलेल्या ज्या पुरुषांचा सी.आर.पी. वरच्या चौथाईत होता, त्यांना पुढील वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका खालच्या चौथाईतील पुरुषांच्या सुमारे तिप्पट होता. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी हा विकार दाहाचा विकार आहे, असे स्पष्ट मांडले. फिरखो यांना न्याय मिळायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

मग बायपासच्या आधीचे रक्त काही सांगते काय, हे पाहणे ओघानेच आले. शस्त्रक्रियेपूर्वी सी.आर.पी. अधिक असलेल्या रोग्यांना नंतर हृदयाचा त्रास पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण अधिक असते, असे अभ्यास १९९९ पासून येऊ लागले. २००७ साली स्कॉटलंडमधील गिब्सन आणि सहकाऱ्यांनी १,९३८ बायपास रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नवी चाचणी शोधली नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजलेले असतातच. त्यांतील न्यूट्रोफिलना लिंफोसाइटनी भागले. हे गुणोत्तर ज्यांचे अधिक, ते शस्त्रक्रियेनंतर कमी जगले. एका साध्या भागाकारात माणसाच्या पुढील वर्षांविषयी काही सूचना दडलेली असावी, ही विलक्षण गोष्ट आहे. तालुक्याच्या प्रयोगशाळेतही हा भागाकार होऊ शकतो.

येथे थोडे थांबले पाहिजे. एक हजार रोग्यांची सरासरी आणि एक रोगी यांत फार अंतर असते. अधिक आकडा असलेल्यांपैकीही पुष्कळ जण दीर्घकाळ जगले आणि कमी आकडा असलेल्यांपैकी काही गेले. आकडा समूहाविषयी बोलतो; घरातील माणूस मात्र एकच असतो.

६. आग विझवण्याचे प्रयोग

खूण अनिष्ट दर्शवते, तर खूणच पुसून टाकली तर? ज्या शास्त्राने हा प्रश्न विचारला, त्यानेच प्रामाणिकपणे त्याची परीक्षाही घेतली. या इतिहासातील हा भाग मला सर्वांत उद्‌बोधक वाटतो.

पहिली परीक्षा स्टेरॉइड औषधांची. ही औषधे दाह शमवतात हे निर्विवाद. नेदरलँड्समधील ४,४९४ हृदयरोग्यांवरील प्रयोग २०१२ मध्ये आणि १८ देशांतील ८० रुग्णालयांतल्या ७,५०७ रोग्यांवरील प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दाहाला आळा बसला असूनही मृत्यूचे प्रमाण निःसंशयपणे घटले नाही.

दुसरी परीक्षा यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावर बायपास करण्याच्या पद्धतीची. आपल्या देशात ती फार लोकप्रिय आहे. रक्ताला परका स्पर्शच झाला नाही तर दाह कमी होईल, हा तर्क बरोबर होता. १९ देशांतील ७९ रुग्णालयांत ४,७५२ रोग्यांची तुलना झाली. २०१२ मधील पहिल्या निष्कर्षांत आणि २०१६ मधील पाच वर्षांनंतरच्या निष्कर्षांतही दोन्ही पद्धतींतील जगण्यात उल्लेखनीय फरक आढळला नाही.

तिसरी परीक्षा थेट निसर्गाने घेतली. काही माणसांचा सी.आर.पी. जन्मतःच, वंशपरंपरेने, थोडा अधिक असतो. सी.आर.पी. हाच गुन्हेगार असता तर त्यांना हृदयविकार अधिक व्हायला हवा होता. सुमारे १ लाख ९४ हजार लोकांच्या माहितीवरून २०११ मध्ये निष्कर्ष निघाला, की तसे होत नाही. सी.आर.पी. आग लावत नाही. तो आगीची वर्दी देतो.

याचा अर्थ दाह निर्दोष आहे असाही नव्हे. यकृताला सी.आर.पी. बनवण्याचा निरोप ज्या साखळीतून जातो, तिच्या वरच्या कडीवर घाव घालणारे एक औषध २०१७ साली १०,०६१ रोग्यांवर तपासले गेले. त्याच्या मध्यम मात्रेने हृदयाच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. संरक्षक सैन्याचे हात बांधले की चोरही आत येतात. २०२० मध्ये कोल्चिसिन या जुन्या औषधाची पाळी आली. युनानी वैद्यकातील सुरंजान ज्या वनस्पतिकुळातले, त्याच कुळातून हे औषध येते. स्थिर हृदयविकाराच्या ५,५२२ रोग्यांत त्याने हृदयाच्या घटना ३१ टक्क्यांनी घटवल्या. परंतु ताज्या झटक्यानंतरच्या ७,०६२ रोग्यांवरील मोठ्या प्रयोगात, जो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा लाभ दिसला नाही. तेच औषध, पण काळ निराळा आणि फळही निराळे. आम, पच्यमान आणि पक्व हा भेद सुश्रुताने बोटांनी ओळखला. आपण अजून रक्तात तो वाचायला शिकत आहोत.

७. आपल्या मातीतील कारणे

मग शस्त्रक्रियेआधीच चढलेला आकडा नेमके काय सांगतो? एखादा जंतुसंसर्ग दडला असेल, नुकताच झटका येऊन गेला असेल, तर तो बोलतो आणि अशा वेळी शस्त्रक्रिया आज करावी की थोडी थांबवावी हे ठरवायला डॉक्टरांना मदत होते. त्याखेरीज तो माणसाच्या जगण्याचा ताळेबंद मांडतो. धूम्रपान, मधुमेह, पोटावरची चरबी, किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या, थकलेली मूत्रपिंडे, या सगळ्यांची बेरीज त्या एका आकड्यात उतरते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि मध्यमवर्गीय पुरुषांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध केली. वजनाने सडसडीत दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी दडलेली असते आणि तिच्याबरोबर दाहाच्या खुणाही वाढतात, हे त्यांच्या संशोधनाचे सूत्र आपण सर्वांनी मनावर घेण्यासारखे आहे.

आपल्या भागाला तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निपाणीचा परिसर तंबाखूचा. तंबाखूवर येथील शेतकऱ्यांचे संसार उभे राहिले, बिड्या वळून स्त्रियांनी मुले शिकवली, १९८१ साली रास्त भावासाठी येथे मोठे आंदोलन झाले. त्या कष्टांविषयी मनात आदर ठेवूनच म्हणतो, की बिडीचा धूर रोहिणीच्या भिंतीतील दाह पेटता ठेवतो. बायपास झालेल्या रोग्यांचा वीस वर्षे मागोवा घेणारा रॉटरडॅमचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर ज्यांनी धूम्रपान सोडले ते न सोडणाऱ्यांपेक्षा अधिक जगले. एवढ्या महागड्या औषधांना जे साधले नाही, ते बिडी विझवण्याने साधले. यासाठी कोणत्याही रुग्णालयाची पायरी चढावी लागत नाही.

काकती हे राणी चन्नम्मांचे जन्मगाव. शत्रू कोण आणि केवळ त्याची वर्दी आणणारा कोण, हा विवेक लढणाऱ्याला असावा लागतो. तपासणीच्या कागदावरील चढता आकडा हा वर्दी देणारा आहे. त्याच्यावर चिडू नये, त्याला घाबरून हातपाय गाळू नयेत आणि त्याच्याकडे काणाडोळाही करू नये. तो कागद घेऊन डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : हा आकडा कशामुळे चढला असेल? शस्त्रक्रियेच्या वेळेशी त्याचा काही संबंध आहे काय? आणि आम्हाला घरी काय बदलता येईल? यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्याच हाती असते.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही आज डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, प्रयोगशाळेत नळी उभी करून घड्याळ लावणारे तंत्रज्ञ आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. कागदावरचा आकडा रोग्याच्या नातेवाइकांना मराठीत, कन्नडमध्ये, जी त्यांच्या घरची भाषा असेल तिच्यात समजावून सांगा. सूज, ठणका, धुमसणे, पिकणे हे शब्द त्यांच्याजवळ आधीपासून आहेत. सुश्रुतापासून परळपर्यंत शल्यवैद्यांनी जे शोधले, ते या शब्दांत बसवता येते. गुरुजींनी आयुष्यभर या वर्गांतून तेच केले : अवघड गोष्ट घरच्या शब्दांत सांगितली.